पिछवाई

पिछवाई : वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गी वैष्णव संप्रदायातील मंदिरांत श्रीकृष्णाच्या मूर्तीमागे टांगण्यात येणारा, बहुधा चित्रांकित असा कापडी पडदा. मागे असणारी वस्तू या अर्थी हे नाव रूढ झाले आहे. राजस्थानातील नाथद्वारा (राजसमंद जिल्हा) हे या कलेचे प्रमुख केंद्र असून तेथील श्रीनाथजींच्या मंदिराच्या नित्य व नैमित्तिक गरजांतून तिचा विकास झाला. पिछवाई सामान्यतः सुती कापडावर रंगवितात. तथापि छापील, कलमकारी, भरतकाम केलेल्या, तुकडेजोड कामाच्या, किनखापी व जाळीदार विणीच्याही पिछवाया आढळतात. पिछवाई हे स्वतंत्रपणे पाहावयाचे चित्र नसून मूर्ती, वस्त्रे, अलंकार, नैवेद्य व संगीत यांनी मिळून सिद्ध होणाऱ्या एका दृश्याचा तो एक घटक होय. ही गोष्ट लक्षात न घेतल्यास तिच्या रचनेतील अनेक वैशिष्ट्यांचा उलगडा होत नाही.

भारतीय परंपरेतील स्थान : कापडावर धार्मिक चित्रे रंगविण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. मात्र चित्रपटाचा देवतेशी असलेला संबंध प्रदेशपरत्वे भिन्न आढळतो. ओडिशातील पुरी येथे स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथाच्या मूर्ती सु. पंधरा दिवस दर्शनासाठी उपलब्ध नसतात. त्या काळात भाविक पटावर रंगविलेल्या देवतांचे दर्शन घेतात; म्हणजे तेथे पट हा मूर्तीच्या जागी येतो. राजस्थानातील पाबूजी व देवनारायण यांच्या फडी गावोगाव नेऊन भोपे त्यांच्यापुढे कथागायन करतात. तेथे पट हेच फिरते देवालय असते. गुजरातमधील ‘मातानी पछेडी’ हा देवीचा पट मंदिरप्रवेश नाकारल्या गेलेल्या समाजांनी आपले देवस्थान उभारण्यासाठी वापरला. पिछवाईचे कार्य या सर्वांहून निराळे आहे. ती मूर्तीची जागा घेत नाही. मूर्तीच्या पाठीशी राहून तिच्या भोवतीचे स्थळ, ऋतू आणि प्रहर सुचविते. गाभाऱ्याची भिंत लोपून तेथे व्रजभूमी अवतरल्याचा प्रत्यय देणे, हे तिचे प्रयोजन होय.

सांप्रदायिक पार्श्वभूमी : पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य (१४७९–१५३१) यांनी शुद्धाद्वैत मताचा पुरस्कार केला. ‘पुष्टी’ म्हणजे ईश्वराचा अनुग्रह. कठोर तपापेक्षा प्रेमपूर्वक सेवा हे या मार्गाचे मुख्य साधन आहे. मथुरेजवळील गोवर्धन पर्वतावर प्रकट झालेले श्रीनाथजी हे संप्रदायाचे प्रमुख आराध्यदैवत. या मूर्तीचे मुख वल्लभाचार्यांच्या जन्मदिनीच प्रकट झाले, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. श्यामवर्णी पाषाणाच्या या मूर्तीचा डावा हात वर उचललेला असून उजव्या हाताची मूठ कमरेशी टेकलेली आहे. इंद्राने कोसळविलेल्या पावसापासून गोकुळाचे रक्षण करण्यासाठी गोवर्धन उचलणारा कृष्ण, असा या मुद्रेचा अर्थ लावला जातो. महाराष्ट्राशी या संप्रदायाचा एक जुना धागा परंपरेने सांगितला जातो. वल्लभाचार्यांना गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा पंढरपूरच्या विठ्ठलाने केली, अशी आख्यायिका असून त्यांच्या द्वितीय पुत्राचे विठ्ठलनाथ हे नाव तिच्याशी जोडले जाते.

सेवेला कलात्मक व समारंभपूर्ण रूप दिले ते विठ्ठलनाथांनी (सु. १५१६–८६). राग, भोग आणि शृंगार ही सेवेची तीन अंगे मानण्यात आली. रागाच्या अंगाची जोपासना सूरदास, कुंभनदास, परमानंददास, नंददास आदी अष्टछाप कवींच्या पदांनी केली. भोगात नैवेद्याची पाककला येते. तर शृंगारात वस्त्रे, अलंकार, पुष्परचना व पिछवाई यांचा अंतर्भाव होतो. विठ्ठलनाथांच्या सात पुत्रांकडे कृष्णाची निरनिराळी स्वरूपे सोपविण्यात आली व त्यांतून संप्रदायाच्या सात पीठांची परंपरा निर्माण झाली. कांकरोली, कोटा, कामवन, गोकुळ, सुरत इ. ठिकाणी ही पीठे आढळतात. संप्रदायात देवालयास मंदिराऐवजी ‘हवेली’ म्हणण्याचा प्रघात आहे. देव हा नंदाच्या घरातील बालक असल्याने त्याचे निवासस्थानही घराप्रमाणेच असावे, ही त्यामागील भावना होय. घरात मुलाला उन्हाळ्यात गारवा व थंडीत ऊब द्यावी, त्याचप्रमाणे देवाच्या दालनाची सजावटही ऋतुमानानुसार बदलते.

श्रीनाथजींचे मेवाडात आगमन : औरंगजेबाच्या कारकीर्दीत मंदिरांवर संकट ओढवल्याने १६६९ मध्ये श्रीनाथजींची मूर्ती गोवर्धनाहून हलविण्यात आली. अनेक ठिकाणी मुक्काम करीत ती मेवाडात पोहोचली आणि महाराणा राजसिंह यांच्या आश्रयाने १६७२ मध्ये बनास नदीजवळील सिहाड या गावी तिची स्थापना झाली. मूर्तीच्या रथाचे चाक तेथे रुतले व पुढे सरकेना, तेव्हा देवाची हीच इच्छा असे मानून तेथे वास्तव्य करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. या गावासच पुढे नाथद्वारा हे नाव मिळाले.

या स्थलांतराने पिछवाईच्या इतिहासास निर्णायक वळण लागले. गोवर्धन पर्वतावर असताना व्रजातील वने, यमुनेचे वाळवंट, गाईंचे कळप व कदंबवृक्ष ही देवाची प्रत्यक्ष परिसरभूमी होती. अरवलीच्या कोरड्या टेकड्यांत आल्यावर ती भूमी कापडावर निर्माण करणे क्रमप्राप्त झाले. पिछवाईची प्रथा केवळ यामुळे सुरू झाली असे म्हणता येत नाही. परंतु तिच्यातील व्रजदर्शनाची उत्कटता या वियोगाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. व्रजयात्रेचे नकाशावजा चित्रण करणाऱ्या पिछवाया या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहेत. त्यांत मथुरा, वृंदावन, गोवर्धन, राधाकुंड इ. स्थाने यमुनेच्या प्रवाहासह एकाच पटावर मांडलेली असतात.

मेवाडातील वास्तव्यही निर्वेध नव्हते. १८०१ मध्ये इंदूरजवळ शिंद्यांच्या फौजेकडून पराभूत झाल्यावर यशवंतराव होळकर मेवाडाकडे वळले. १८०२ च्या आरंभी त्यांच्या सैन्याचा नाथद्वाऱ्यास उपद्रव झाला व मंदिराकडून मोठ्या रकमेची मागणी करण्यात आली. त्यामुळे मूर्ती उदयपूर येथे व नंतर डोंगराळ भागातील घसियार येथे हलवावी लागली. तेथे नाथद्वाऱ्याच्या धर्तीवर तटबंदीयुक्त हवेली उभारण्यात आली होती. काही वर्षांनंतर मूर्ती नाथद्वाऱ्यास परत आली. मराठी वाचकाने हा प्रसंग विसरू नये असा आहे. ज्या काळात दक्षिणेतील वैष्णव सावकार सोन्याच्या वर्खाच्या पिछवाया करवून घेत होते, त्याच काळात मराठी फौजांच्या खंडणीमुळे श्रीनाथजींना दुसऱ्यांदा स्थलांतर करावे लागले.

सेवाक्रम व पिछवाई : श्रीनाथजींचे दिवसातून आठ वेळा दर्शन होते. मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग, उत्थापन, भोग, संध्या-आरती आणि शयन अशी या दर्शनांची नावे आहेत. प्रत्येक दर्शन थोडाच वेळ खुले असते. पडदा उघडतो, दाटीने उभे असलेले भाविक क्षणभर देवाचे रूप डोळ्यांत साठवितात आणि पडदा पुन्हा बंद होतो. कोणत्या तिथीस कोणती वस्त्रे, कोणते अलंकार, कोणत्या रंगाची पिछवाई योजावी, याचे नियम हवेलीच्या प्रणालिकेत ठरलेले असतात. पिछवाई ही एकटी नसून सिंहासन, तक्ये, पायऱ्या यांवर घालावयाची वस्त्रे व वरचा चांदवा यांच्यासह तिचा एक संच होतो. या संचास ‘साज’ म्हणतात.

दर्शनाच्या या पद्धतीचा पिछवाईच्या चित्रशैलीवर स्पष्ट परिणाम झालेला दिसतो. लघुचित्र हातात धरून निवांतपणे न्याहाळता येते. पिछवाई मात्र दुरून, दिव्यांच्या प्रकाशात आणि अल्पकाळ दिसते. म्हणूनच ठळक बाह्यरेषा, सपाट व भरीव रंगक्षेत्रे, एकाच आकाराची लयबद्ध पुनरावृत्ती आणि समतोल मांडणी ही तिची लक्षणे बनली. मूर्ती श्यामवर्णी असल्याने तिची कड उठून दिसेल, अशी पार्श्वभूमीची रंगयोजनाही करावी लागते.

विषय : पिछवाईचे विषय वार्षिक उत्सवचक्राशी निगडित आहेत. वर्षा ऋतूतील पिछवायांत काळेनिळे मेघ, सोनेरी विद्युल्लता, बगळ्यांच्या माळा व पिसारा फुलविलेले मोर दिसतात. भाद्रपदात दानलीलेचे चित्रण येते. दह्यादुधाची मडकी घेऊन निघालेल्या गोपींकडे कृष्ण कर मागतो, असा हा प्रसंग. शरद पौर्णिमेच्या पिछवाईत पूर्णचंद्राच्या प्रकाशात रासमंडल रंगविलेले असते व तीत शुभ्र आणि रुपेरी छटांना प्राधान्य असते. दिवाळीनंतर अन्नकूटाच्या उत्सवात भाताची रास, पक्वान्नांच्या ओळी व एकत्र आलेली कृष्णस्वरूपे यांचे चित्रण आढळते. कार्तिक शुद्ध अष्टमीच्या गोपाष्टमीस गाईंच्या पिछवाया योजतात. अंगावर हाताच्या पंजाचे रंगीत ठसे, गळ्यात घंटा, शिंगांवर मोरपिसे अशा शृंगारलेल्या गाई आणि त्यांच्या पायांशी बागडणारी वासरे, हा पिछवाईचा सर्वांत लोकप्रिय विषय ठरला आहे. थंडीत जाड, किनखापी वा रुईभरल्या पिछवाया व उन्हाळ्यात पातळ वस्त्रावरील कमळांच्या पिछवाया वापरतात. होळीच्या दिवसांत पांढरी पिछवाई लावून तिच्यावर प्रत्यक्ष गुलाल व रंग उडविले जातात. तेथे चित्रकाराच्या कुंचल्याचे काम उत्सवच करतो.

रचनातत्त्व : पिछवायांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील पिछवायांत खुद्द कृष्णाची आकृती नसते. मध्यभागी कदंबाचा अथवा आंब्याचा वृक्ष, केळीचे खांब वा कुंज असून दोन्ही बाजूंच्या गोपी व गाई मध्याकडे पाहत असतात. हात जोडलेल्या, चवऱ्या ढाळणाऱ्या, माळा घेऊन आलेल्या या गोपींची दृष्टी ज्याच्यावर खिळलेली आहे, तो पटावर नाही. कारण त्या जागी प्रत्यक्ष मूर्ती उभी राहावयाची असते. काही पिछवायांत खालच्या बाजूस मध्यभागी सिंहासनासाठी मोकळी जागाही ठेवलेली असते. अशी पिछवाई संग्रहालयाच्या भिंतीवर एकटी टांगली, की ती अपुरी भासते. ही अपूर्णता चित्रकाराची उणीव नसून त्याच्या कामाची अचूकता होय.

दुसऱ्या वर्गातील पिछवायांत श्रीनाथजींची प्रतिमाच मध्यवर्ती असते. त्या मुख्यतः अन्य हवेल्यांसाठी, भाविकांच्या घरातील देवघरांसाठी किंवा यात्रेची स्मृती म्हणून तयार होत. श्रीनाथजींच्या चित्रणाचे संकेत ठरून गेलेले आहेत : लांबट, कमलाकार व किंचित खाली झुकलेले नेत्र, हनुवटीवरील हिरा, वर उचललेला डावा हात, पायघोळ माळा आणि मूर्तीमागील शिळेवर कोरलेल्या गाई, सर्प, मोर, ऋषी इत्यादींच्या आकृती. काही पिछवायांच्या कडांना चोवीस छोट्या चौकटी असून त्यांत वर्षातील निरनिराळ्या उत्सवप्रसंगींचे शृंगार दाखविलेले असतात. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई असल्याने शृंगाराची परंपरा जाणून घेण्यासाठी ही चित्रे महत्त्वाची साधने ठरतात.

तंत्र : पिछवाईसाठी पूर्वी हातमागाचे जाडेभरडे सुती कापड वापरीत. ते धुऊन, ताणून त्यास खळ देतात. खळ वाळल्यावर अकीकाच्या घोट्याने कापड घासून गुळगुळीत करतात. घोटण्यामुळे धाग्यांमधील छिद्रे बुजतात, रंग पसरत नाही आणि रेषा सलग उमटते. त्यानंतर चिंचेच्या काडीच्या कोळशाने आराखडा काढतात. कोळशाची रेषा फडक्याने सहज पुसता येते, त्यामुळे मोठ्या पटावरील प्रमाणे दुरुस्त करणे सोपे जाते. आराखडा पक्का झाला, की तो कुंचल्याने रेखून घेतात. गाई, कमळे, गोपी अशा वारंवार येणाऱ्या आकृत्यांसाठी ‘खाका’ वापरतात. कागदावरील आकृतीच्या बाह्यरेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडून तो कागद कापडावर ठेवतात व त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवितात; छिद्रांतून झिरपलेल्या भुकटीने आकृती कापडावर उतरते. घराण्यातील खाके हा चित्रकार कुटुंबांचा मोलाचा ठेवा मानला जाई.

रंग मुख्यतः खनिज व वनस्पतिजन्य असत. तांबड्यासाठी हिंगूळ, शेंदूर व गेरू, पिवळ्यासाठी हरताळ व पेवडी, निळ्यासाठी नीळ व लाजवर्द, हिरव्यासाठी हरी माती व जंगाल, काळ्यासाठी काजळी आणि पांढऱ्यासाठी खडू किंवा सफेदा वापरीत. हे रंग खलात दीर्घकाळ घोटून, पाण्यात निवळून त्यांत बाभळीचा वा धावड्याचा डिंक मिसळीत. डिंकाचे प्रमाण हे चित्रकाराच्या अनुभवाची कसोटी पाहणारे असते. तो कमी पडल्यास रंगाची भुकटी झडते आणि जास्त झाल्यास रंगाचा थर ताठर होऊन कापडाची घडी पडताच तडकतो. कुंचले खारीच्या शेपटीच्या केसांचे असून ते पिसाच्या देठात बसवीत. रंग भरताना प्रथम पार्श्वभूमी, मग झाडे व वास्तू, त्यानंतर वस्त्रे व शरीरे असा क्रम पाळतात. सोन्याचा वर्ख खलून केलेला रंग शेवटी लावून घोट्याने झळाळता करतात. बारीक रेखन व मुखाकृती ही अखेरची कामे. नेत्र रेखाटण्याचे काम ज्येष्ठ चित्रकाराकडे असते.

मोठी पिछवाई ही सामान्यतः एकट्याची कृती नसते. ज्येष्ठ चित्रकार आराखडा व मुखे करतो, मधल्या फळीतील चित्रकार आकृत्या भरतात आणि शिकाऊ मुले रंग घोटणे, पार्श्वभूमी भरणे अशी कामे करतात. अनेकांच्या हातांचे काम एकाच हातचे वाटावे, हा या पद्धतीचा आदर्श. त्यामुळे बहुसंख्य जुन्या पिछवायांवर कर्त्याचे नाव आढळत नाही.

चित्रकार : नाथद्वाऱ्यातील चित्रकार मुख्यत्वे आदिगौड व जांगीड या समाजांतील आहेत. ते मंदिराजवळील चित्रकारांच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. पिछवायांखेरीज हवेलीच्या भिंतींवरील व द्वारांवरील चित्रे रंगविणे आणि ती वेळोवेळी नवी करणे, ही कामेही त्यांच्याकडे असत. चित्रकार घराण्यांतील स्त्रियाही या कामात सहभागी होत. परंतु त्यांच्या वाट्यास कीर्ती क्वचितच आली. मेवाड शैलीचा ठसा नाथद्वाऱ्याच्या चित्रांवर स्पष्ट असला, तरी अन्य दरबारी शैलींशीही तिचे आदानप्रदान झाले. कोट्याचा राजा भीमसिंह (कार. १७०७–२०) याने संप्रदायाची दीक्षा घेतली होती, तेथील चित्रशैलीतही श्रीनाथजी व त्यांचे उत्सव हे महत्त्वाचे विषय बनले.

नाथद्वाऱ्याच्या चित्रकलेचा भरभराटीचा काळ म्हणून १८७६ मध्ये गादीवर आलेल्या तिलकायत गोवर्धनलालजींच्या अर्धशतकाहून अधिक लांबलेल्या कारकीर्दीचा उल्लेख केला जातो. (‘तिलकायत’ ही नाथद्वाऱ्याच्या मुख्य आचार्यांची पदवी.) या काळातील सुखदेव किशनदास व घासीराम हरदेव शर्मा (१८६८–१९३०) यांची नावे ज्ञात आहेत. घासीराम हे मंदिराच्या चित्रकारांचे प्रमुख होते. त्यांनी छायाचित्रणाचा अभ्यास केला आणि छायाप्रकाश, यथादर्शन व व्यक्तिचित्रणातील साम्य या पाश्चात्त्य गुणांची पारंपरिक विषयांशी सांगड घातली.

दख्खनी पिछवाई : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्यापारानिमित्त दक्षिणेत स्थायिक झालेल्या गुजराती वैष्णव सावकारांच्या आश्रयाने पिछवाईचा एक वेगळा प्रकार विकसित झाला. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), हैदराबाद इ. ठिकाणांशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. गडद निळ्या किंवा तांबड्या कापडाच्या भूमीवर चिकट द्रव्याने आकृती उमटवून तीवर सोन्याचे व चांदीचे वर्ख बसवीत आणि नंतर रंगांनी तपशील भरीत. फुलांनी बहरलेल्या वृक्षांखाली ओळीने उभ्या असलेल्या गोपींची वस्त्रप्रावरणे व चेहरे दख्खनी वळणाचे असतात. अंधाऱ्या गाभाऱ्यात दिव्याच्या हलत्या ज्योतीत वर्खाच्या आकृती चमकत आणि निळी भूमी रात्रीप्रमाणे मागे सरे. आज यांपैकी अनेक पटांवरील चांदी काळवंडल्याने मूळ परिणामाची केवळ कल्पनाच करावी लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या प्रकारचे नमुने आहेत.

छायाचित्र व मुद्रित चित्र : यात्रेकरूंची संख्या वाढू लागली, तशी स्मृतिचित्रांची मागणीही वाढली. ‘मनोरथ’ या प्रकारच्या चित्रांत श्रीनाथजींच्या दोन्ही बाजूंस पूजा करणारे आचार्य व विशिष्ट सेवेचा खर्च उचलणारे यजमान कुटुंब दाखवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यजमानांचे चेहरे छायाचित्रांवरून रंगविण्याची, क्वचित छायाचित्रांतील चेहरे कापून चिकटविण्याचीही पद्धत पडली. मुंबईतील भाटिया, लोहाणा, वाणी आदी व्यापारी कुटुंबे या कलेची महत्त्वाची आश्रयदाती होती. भुलेश्वर परिसरातील हवेल्यांमुळे नाथद्वारा व मुंबई यांच्यात चित्रकार आणि यजमान यांची ये-जा चालू राहिली. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने (स्थापना १८९४, मुंबई) देवदेवतांची शिळामुद्रित चित्रे सर्वदूर पोहोचविल्यावर नाथद्वाऱ्याचे चित्रकारही या क्षेत्रात उतरले. नरोत्तम नारायण शर्मा प्रभृतींची चित्रे कराचीच्या ब्रिजबासी या प्रकाशनसंस्थेने जर्मनीत छापून घेतली आणि ती देशभर घरोघरी लागली. महाराष्ट्रातील अनेक घरांत दिनदर्शिकेवर पाहिलेला गुबगुबीत, निळसर बालकृष्ण हा पुष्कळदा नाथद्वाऱ्याच्या कुंचल्यातून उतरलेला असे. मुद्रित चित्रांनी चित्रकारांना नवा आधार दिला. पण हाताने रंगविलेल्या स्मृतिचित्रांची बाजारपेठही त्यांनीच आक्रसली. जर्मनीहून आलेल्या यंत्रनिर्मित जाळीच्या पिछवायाही काही हवेल्यांत वापरात आल्या.

संग्रह व अभ्यास : जुनी, विटलेली पिछवाई बदलून नवी लावणे हा हवेलीचा क्रम होता. बाजूस ठेवलेल्या पिछवाया कालांतराने खासगी संग्राहकांकडे व संग्रहालयांकडे गेल्या. अहमदाबाद येथील कॅलिको वस्त्रसंग्रहालयाचा (स्थापना १९४९) पिछवायांचा संग्रह विशेष प्रसिद्ध आहे. रॉबर्ट स्केल्टन यांचा राजस्थानी पिछवायांवरील ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये के तलवार व कल्याण कृष्ण यांनी कॅलिको संग्रहालयातील चित्रित पटांची विस्तृत सूची तयार केली. पुढे अमित अंबालाल यांनी श्रीनाथजींच्या चित्रांवर आणि ट्रायना लायन्स यांनी नाथद्वाऱ्याच्या चित्रकार घराण्यांवर लक्ष केंद्रित केले. निनावी मानल्या गेलेल्या कलेमागील व्यक्ती त्यामुळे प्रकाशात आल्या. शिकागोच्या कला संग्रहालयात २०१५-१६ मध्ये श्रीनाथजींच्या चित्रपरंपरेचे मोठे प्रदर्शन भरले होते.

पिछवायांचे जतन हा कठीण प्रश्न आहे. घडी घालून ठेवल्याने रंगाच्या थरास भेगा पडतात. जंगालासारख्या ताम्रयुक्त रंगामुळे खालचे कापडच कुजते. धूप, तूप व दिव्यांची काजळी यांनी रंग झाकोळतात. म्हणून मोठ्या पिछवाया रुंद नळ्यांवर गुंडाळून, मंद प्रकाशात व बेताच्या आर्द्रतेत ठेवणे योग्य समजतात. मात्र काजळीचे सर्वच थर काढून टाकावेत काय, याविषयी विचार करावा लागतो. चित्राच्या दृष्टीने जो मळ, तोच सेवेच्या दृष्टीने त्या वस्तूचा इतिहास असतो.

सद्यःस्थिती : १९५९ च्या कायद्यान्वये नाथद्वारा मंदिराचे व्यवस्थापन मंडळाकडे आले, १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे या कायद्याचा वाद निर्णीत झाला. हवेलीतील सेवाक्रम आजही चालू असून तीत पिछवाया वापरल्या जातात. तथापि बहुसंख्य चित्रकारांची उपजीविका आता मंदिरावर नव्हे, तर बाजारावर अवलंबून आहे. तयार रासायनिक रंगांनी खनिज रंगांची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. खनिज रंग घोटण्यास लागणारे दिवस विकत घेणाऱ्याच्या हिशेबात क्वचितच धरले जातात, हे त्याचे मुख्य कारण होय. शहरी घरे व उपाहारगृहे यांच्या सजावटीसाठी कमळे आणि गाई यांच्या पिछवायांना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढती मागणी आहे. छापील नकलाही हस्तचित्र म्हणून विकल्या जातात. २०२३ मध्ये नाथद्वारा पिछवाईस भौगोलिक निर्देशांक मिळाला. नावाचा गैरवापर रोखण्यास त्याची मदत होऊ शकेल. परंतु रंग, रेषा व सेवाक्रमाचे ज्ञान यांची हानी केवळ कायद्याने भरून निघणारी नाही.

पिछवाईच्या भवितव्याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार बाजाराने ही कला जगविली आहे. मंदिरावरच विसंबून राहिली असती, तर चित्रकारांच्या पुढच्या पिढ्या अन्य व्यवसायांत गेल्या असत्या. दुसऱ्या मतानुसार सेवेपासून तुटलेली पिछवाई हे केवळ शोभेचे कापड उरते. या दोन्ही मतांत तथ्य आहे. बाजाराने चित्रकाराच्या हाताला काम दिले, हे खरे. पण कोणत्या तिथीस कोणती पिछवाई, तिच्या मध्याची जागा रिकामी का ठेवावयाची, कोणता रंग कोणत्या प्रहरी शोभतो, हे ज्ञान हवेलीतील सेवेतूनच मिळते. ते ज्ञान असलेले चित्रकार आणि ते कामी येईल असा सेवाक्रम ही दोन्ही नाथद्वाऱ्यात अद्याप एकत्र नांदतात. या कलेचे सत्त्व टिकण्याचा खरा आधार तोच होय.